डिटेक्टरिस्ट्स: शेत धुंडाळणारी दोन माणसं, त्यांचं संगीत आणि आपली काळी माती

काळी_पांढरी

बीबीसीची 'डिटेक्टरिस्ट्स' ज्यांनी अजून पाहिली नाही त्यांच्यासाठी हा धागा आहे. पाहिलेल्यांनी तर यावंच.

गोष्ट एवढीशी. धातुशोधक यंत्र घेऊन दुसऱ्यांच्या शेतांमधून फिरणारे दोन मित्र, अँडी आणि लान्स. मॅकेन्झी क्रूकने मालिका लिहिली, दिग्दर्शित केली आणि अँडीही तोच झाला. लान्स म्हणजे टोबी जोन्स. २०१४ च्या ऑक्टोबरात बीबीसी फोरवर सुरू झाली, पुढची दोन पर्वं २०१५ आणि २०१७ मध्ये आली. पर्वात सहा भाग, भाग साधारण अर्ध्या तासाचा. याशिवाय २०१५ च्या नाताळाचा एक विशेष भाग आणि २०२२ च्या नाताळाला आलेला एक मोठा. २०१५ साली विनोदी मालिकेचा बाफ्टा, म्हणजे ब्रिटनमधला चित्रपट-टीव्हीचा मोठा पुरस्कार, मिळाला. कथेतलं डेनबरी हे इसेक्समधलं काल्पनिक गाव, चित्रण मात्र शेजारच्या सफोकमध्ये, फ्रॅमलिंगहॅमच्या आसपास झालंय.

यात विनोद कसा होतो ते पाहण्यासारखं आहे. कोणी कोणाची टर उडवत नाही, मागे हशा वाजत नाही. दोघं झाडाखाली डबा उघडून बसतात आणि आदल्या रात्रीच्या प्रश्नमंजूषेतल्या उत्तरांवर बोलतात. लान्सची बायको त्याला सोडून गेली आहे, तरी तिची अडलीनडली कामं तो करतोच. अँडी मिळेल ते रोजंदारीचं काम करतो, पुरातत्त्वाचं शिकतो. बेकीचा, म्हणजे त्याच्या जोडीदारणीचा संयम संपत येतो आणि ते तिच्या एका वाक्यावरून कळतं, भांडणाच्या प्रसंगावरून नाही. बेकी झालेली रेचल स्टर्लिंग आणि तिच्या आईचं काम करणाऱ्या डायाना रिग या खऱ्या आयुष्यातही मायलेकी. त्या दोघींच्या प्रसंगांत जी बारीक कुरबुर दिसते ती कमावून येत नाही.

पहिल्या पर्वाचा शेवट पुढे सांगतोय, नको असेल त्यांनी हा परिच्छेद सोडावा. अख्खं पर्वभर ही माणसं इंग्लंडमधल्या एका फार जुन्या, सॅक्सन राजाची कबर शोधतात. शेवटी कॅमेरा मातीखाली उतरतो आणि आपल्याला दिसतं की राजाला ज्यात पुरलं ते जहाज, ते सोनं तिथेच आहे, त्यांच्या पायांखाली. त्यांना ते कळत नाही. आपण ओरडून सांगू शकत नाही. माझ्या मते सगळी मालिका या एका जागेवर उभी आहे: बघणाऱ्याला माहीत, शोधणाऱ्याला नाही, आणि तरी शोधणाऱ्याची कीव वाटत नाही.

संगीतावर जाणकारांनी लिहावं. मातीवरही.

सूरपेटी

संगीतावर लिहितो, कारण या मालिकेत ते सजावटीला नाही.

शीर्षकगीत जॉनी फ्लिनचं. शब्द त्याचे, चाल त्याची, आवाजही त्याचाच. पहिल्या पर्वात तो स्वतः पडद्यावरही क्षणभर येऊन जातो. या गाण्यात शोधणारा बोलत नाही. जमिनीतलं धन बोलतं. मी इथे वाट पाहत पडलोय, काट्याकुट्यातून येशील का, असं ते विचारतं. श्रेयनामावलीत गाण्याचा लहानसा तुकडाच वाजतो, त्यामुळे पहिल्या भागात हे लक्षात येत नाही. वर काळी_पांढरी यांनी सांगितलेला शेवट पाहिल्यावर तेच गाणं पुन्हा ऐका. आपण ज्या बाजूने ऐकत होतो ती बाजूच बदलते. प्रसंगांमागचं संगीत वेगळ्या माणसाचं आहे, डॅन मायकेलसनचं. ही दोन नावं बरेचदा एकच समजली जातात.

आता वाद्याबद्दल. मुख्य वाद्य म्हणजे बोटांनी छेडलेली गिटार. तारेवरचा सूर छेडल्या क्षणापासून विरायला लागतो. पुढचा सूर येईपर्यंत मधे जी पोकळी राहते त्यात पक्षी, वारा, पावलांखालचं गवत ऐकू येतं. हेच पेटीवर वाजवून पाहा, जमणार नाही. भाता चालू आहे तोवर पेटीचा सूर तसाच भरलेला राहतो, पोकळी बुजते आणि सगळं प्रार्थनेसारखं वाटायला लागतं. व्हायोलिनचंही तेच, गज ओढेपर्यंत सूर मरत नाही. उदासी दाखवायची म्हणून आपल्या मालिकांत लगेच व्हायोलिन किंवा सारंगी आणतात आणि प्रेक्षकाला आधीच सांगून टाकतात की आता रडायचं आहे. इथे संगीत तसं सांगत नाही. संवाद संपतो, दोन-चार क्षण नुसतं शेत, मग गिटार. बरेचदा संगीत भावनेच्या नंतर येतं. आधी येत नाही.

एक जागा मात्र नेमकी उलटी आहे आणि ती मला सगळ्यांत मोठी वाटते. तिसऱ्या पर्वात अँडी मातीतून निघालेली जुनी शिट्टी फुंकतो आणि त्या शेतातून शतकानुशतकं गेलेली माणसं आपल्यासमोरून जायला लागतात. तिथे 'द अनथँक्स' या बहिणींच्या गटाचं 'मॅग्पाय' हे गाणं वाजतं. गिटार बाजूला, फक्त बायकांचे आवाज आणि खाली धरून ठेवलेला सूर. तंबोऱ्यावर वाढलेल्या कानाला ते लगेच ओळखीचं वाटेल. एका मॅग्पायने दुःख, दोघांनी आनंद, अशी तिकडे पक्षी मोजायची रीत आहे, आपल्याकडे भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो म्हणतात तशी. गाणं त्या मोजणीवर रचलेलं आहे. पुढे त्याच पर्वात हा पक्षी कथेत काय काम करतो ते सांगत नाही, पण गाणं उगाच निवडलेलं नाही एवढं ध्यानात ठेवा.

ऐकताना एक करा. मोबाइलच्या स्पीकरवर पाहू नका. बोटभर स्पीकरमधून खर्जाचे सूर जवळपास येतच नाहीत, गिटारच्या जाड तारा गायब होतात आणि उरते ती नुसती टिणटिण. साधे तारवाले इअरफोनही चालतील. टीव्ही असेल तर आवाजाच्या सेटिंगमध्ये 'सिनेमा' किंवा 'बास बूस्ट' बंद करा, 'स्टँडर्ड' ठेवा. बूस्टमुळे वाऱ्याचा आवाज फुगतो आणि संवाद दबतात.

पारावरचा

भाऊ, दोन भाग पायले. लय हळू चालते, पण उठावंसं वाटत नाही. एक सांगा बाप्पा, त्यायले दरवेळी त्या कोल्ड्रिंकच्या डब्याच्या कड्याच काहून सापडते? यंत्र एवढं भारी हाय तं त्याले सोनं आन् पत्रा वेगळा समजत नाही का? का नुसता हसवासाठी केलेला प्रकार हाय?

लोहगोल

पारावरचा भाऊ, हसवण्यासाठी आहे आणि शंभर टक्के खरंही आहे. यंत्र कसं चालतं ते पाहिलं की तो विनोद दुप्पट आवडतो.

यंत्राच्या खालच्या चकतीत तारेची दोन वेटोळी असतात. एक वेटोळं सतत बदलतं चुंबकीय क्षेत्र सोडतं. त्याने मातीतल्या धातूत बारीक प्रवाह फिरतात, त्या प्रवाहांचं उलट क्षेत्र दुसरं वेटोळं पकडतं. परत आलेला संकेत किती मागे पडला यावरून यंत्र धातूची जात ओळखतं. लोखंडाला खालचा, घोगरा आवाज, चांदी-तांब्याच्या मोठ्या नाण्याला उंच स्वच्छ आवाज. घोळ होतो तो मधल्या पट्ट्यात. अॅल्युमिनियमची कडी आणि सोन्याची बारकी अंगठी, दोघींचा संकेत जवळपास एकाच जागी येतो. कड्या नकोत म्हणून यंत्राला तो पट्टा गाळायला सांगितला की अंगठ्याही गळाल्या. म्हणून ज्याला सोनं हवं त्याला प्रत्येक कडी खणावीच लागते. लान्स कडी हातात घेऊन तिचं साल आणि कोणत्या पेयाची ते सांगतो, ते या रोजच्या खणण्यातूनच आलेलं ज्ञान आहे.

पडद्यावर त्यांची चाल पाहा. चकती जमिनीला समांतर, बोट-दोन बोटं वर. फेरा संपतानाही ती वर उचलली जात नाही. नवखा माणूस झाडू मारल्यासारखा कडेला चकती उचलतो आणि तिथली खोली वाया जाते. पुढचा फेरा आधीच्या फेऱ्यावर निम्म्या चकतीएवढा चढवायचा, कारण चकतीचा शोध खाली निमुळता होत जातो. दोन फेऱ्यांच्या मधे पट्टा सुटला तर नाणं तिथेच राहतं. नऊ ते अकरा इंची चकतीला एकटं नाणं साधारण वीतभर खोलीपर्यंत लागतं. मोठा धातू जरा जास्त खोल लागतो, पण त्याच्याही बरंच खाली जहाज असो की राजा, यंत्राला पत्ता लागत नाही. पहिल्या पर्वाचा शेवट तांत्रिकदृष्ट्याही बरोबर आहे तो असा.

आपल्या मातीत हेच यंत्र फिरवलं तर वेगळंच होईल. बुलडाणा, अकोला, वाशिम, अमरावती, यवतमाळ, वर्धा, सगळी काळी माती बेसॉल्टची झीज आहे आणि बेसॉल्टात मॅग्नेटाइट, म्हणजे चुंबकाला चिकटणारं लोहखनिज असतं. जमीनच संकेत देते. यंत्र आधी जमिनीशी जुळवून घ्यावं लागतं: धातू नसलेली जागा पाहायची, चकती टाचेएवढ्या उंचीवरून जमिनीजवळ आणि परत वर अशी हलवायची, आवाज वरखाली व्हायचा थांबेपर्यंत ग्राउंड बॅलन्स फिरवायचा. एवढं करूनही संवेदनशीलता कमी ठेवावी लागते, नाही तर यंत्र सारखं किरकिरतं. कमी ठेवली की खोलीही घटते. नागपूरच्या पूर्वेला बेसॉल्ट संपतो, जुने खडक सुरू होतात, तिथे पुन्हा मँगनीजच्या खाणींचा पट्टा. तिथली कटकट निराळी.

आणखी एक. काळी माती उन्हाळ्यात फाटते, पावसाळ्यात फुगते. एप्रिल-मे महिन्यात भेगा हातभर खोल जातात. वर पडलेली वस्तू भेगेतून खाली जाते, पावसात भेग मिटते. त्यामुळे आपल्याकडे वस्तू कोणत्या थरात सापडली यावरून तिचं वय ठरवताना पुरातत्त्ववाल्यांना फार सांभाळावं लागतं. सफोकच्या सटन हू इथे १९३९ साली खरंखुरं पुरलेलं जहाज निघालं, तिथली माती रेताड आणि आम्लधर्मी. तिने लाकूड पार खाऊन टाकलं होतं. उरले होते लोखंडी खिळ्यांच्या रांगा आणि वाळूतला जहाजाचा ठसा. मालिकेतल्या त्या जहाजाची मूळ प्रेरणा कुठली हे वेगळं सांगायला नको.

पारावरचा

हे तं भारीच सांगतलं. मंग वावर रिकामं झालं, पऱ्हाटी उपटली, का फिरवावं का एखांदं यंत्र?

सातबारा

थांबा भाऊ, आधी कायदा समजून घ्या. मालिकेत सगळं इतकं निर्मळ दिसतं ते तिथल्या व्यवस्थेमुळे. इंग्लंडमध्ये १९९६ चा ट्रेझर अॅक्ट आहे. धनाच्या व्याख्येत बसणारी वस्तू मिळाली की १४ दिवसांत कळवावं लागतं, संग्रहालयाने ती घेतली तर मोबदला सहसा शोधणारा आणि शेतमालक यांच्यात वाटला जातो. शेतमालकाची परवानगी हा तिथे पाया. म्हणून तर शेताचा मालक कोणाला हो म्हणतो यावर मालिकेत एवढी धडपड आहे. दोघांच्या प्रतिस्पर्ध्यांची जोडी, जिला ते सायमन आणि गारफंकल म्हणतात, तिच्याशी सगळं वैर परवानगीवरूनच.

आपल्याकडे १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेली, किंमत असलेली कोणतीही वस्तू म्हणजे निधी. किंमत दहा रुपयांहून जास्त असली की सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. त्यात चार गोष्टी हव्यात: वस्तू कशी आहे, किती किंवा अंदाजे किती किमतीची, नेमकी कुठे सापडली, कोणत्या तारखेला सापडली. वस्तू जवळच्या सरकारी कोषागारात जमा करायची किंवा मागतील तेव्हा हजर करण्याचं तारण द्यायचं. कळवलं नाही तर वस्तूवरचा हक्क जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. जमीनमालकाने लपवायला साथ दिली तर त्यालाही शिक्षा आहे. निधी बेवारस ठरला आणि जागेच्या मालकाशी वेगळा करार नसेल तर तीन हिस्से सापडणाऱ्याला, एक हिस्सा जागामालकाला. जिल्हाधिकारी तो सरकारसाठी घेऊही शकतात, तेव्हा धातूच्या किमतीवर तिचा एक पंचमांश वाढवून देतात.

यावर १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू, तिच्या विक्रीचा धंदा विनापरवाना करता येत नाही, देशाबाहेर तर मुळीच नेता येत नाही. आणि संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकाम-खोदकामाला मनाई, त्यापुढे २०० मीटर नियंत्रित पट्टा. गावातली गढी, पांढरीचं म्हणजे जुन्या वस्तीचं टेकाड, दगडांची वर्तुळं, इथे यंत्र आणि खुरपी घेऊन जाऊच नका. नांगरताना, विहीर खणताना आपोआप काही निघालं तर वस्तू धुऊ-घासू नका, जिथे निघाली तिथलाच खापराचा तुकडा-माती सोबत राहू द्या, फोटो काढा, तलाठ्यामार्फत तहसीलला कळवा आणि पोच घ्या. तोंडी सांगून सोडलं की पुढे सिद्ध करता येत नाही. चिंचेने घासलेल्या तांब्याच्या नाण्यावरची अक्षरं कायमची जातात, हा सगळ्यांत जास्त होणारा घात.

काळी_पांढरी

सातबारा यांनी वेळेवर सांगितलं. यातच मला या मालिकेचं सगळ्यांत मोठं वेगळेपण दिसतं.

आपल्या भागात जमिनीतलं धन म्हटलं की गुप्तधन आठवतं. मांत्रिक, अमावस्या, पायाळू माणूस, आणि फार भयंकर गोष्टी. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत गुप्तधनासाठी केलेले अघोरी प्रकार मुद्दाम घालावे लागले, इतकं हे खरं आहे. म्हणजे आपल्याकडे या विषयाला लोभ आणि भीती चिकटलेली. या मालिकेने दोन्ही काढून टाकली. सोनं मिळालं तर नाचू, असं लान्स म्हणतो आणि ते मिळतं तेव्हा खरंच नाचतो, पण पुढच्या विशेष भागात तेच सोनं त्याला सुखाने राहू देत नाही. ती वस्तू ब्रिटिश म्युझियमच्या काचेत जाऊन बसते आणि हा अस्वस्थ. यांना हवं असतं ते धरून पाहणं: हे कोणाच्या तरी हातातून पडलं, मधे कोणी शिवलं नाही, आता माझ्या हातात आलं.

आणि आपली जमीन याबाबतीत सफोकहून गरीब नाही. नागपूरजवळ माहुरझरी आणि जुनापाणीला महापाषाणयुगातली दगडी वर्तुळं आहेत. माहुरझरीला मणी घडवायचे, तिथल्या दफनांत लोखंडी हत्यारं आणि घोड्याच्या साजातले तांब्याचे दागिने निघालेत. नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी सापडली. पवनीला स्तूप, मनसरला वाकाटकांचे अवशेष, कुही तालुक्यात अडमची तटबंदी, वर्धा नदीच्या काठी कौंडण्यपूर. सटन हूचं जहाज निघालं त्याच १९३९ साली मंगरूळपीर भागात तऱ्हाळा इथे सातवाहन नाण्यांचा मोठा साठा सापडला, महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी त्याचा अभ्यास केला. ज्या राजांची नावं पुराणांच्या यादीत होती पण नाणी माहीत नव्हती, त्यांचे पुरावे असल्या साठ्यांतून येतात. अशा साठ्यावर एक हळुवार मराठी मालिका व्हायला हवी. मांत्रिक नको, खून नको. नाणी मोजत बसलेला एक मास्तर आणि विहिरीचं काम अडलं म्हणून वैतागलेला शेतकरी, एवढं पुरे.

झाडीची_दंडार

तशी मालिका किंवा नाटक करायचं तर आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीकडून सुरुवात करा. विनोद कसा करायचा ते इथे शिकवावं लागत नाही. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली ती झाडीपट्टी रंगभूमीसाठीच. दिवाळीपासून होळीपर्यंत वडसा-देसाईगंजच्या मंडळ्या रात्र-रात्र प्रयोग करतात, दिवसा शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, रात्री नाटक.

पण संगीताच्या बाबतीत सूरपेटी यांनी जे सांगितलं ते आमच्याकडे सरळ उतरणार नाही, का ते सांगतो. प्रयोग उघड्या मंडपात, प्रेक्षक हजारोंनी, मागे जनरेटर चालू, बाजूला चहा-भज्यांची दुकानं. ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड घेऊन वादक मंचालगत बसतात आणि नटाच्या वाक्याला जागच्या जागी साथ देतात. विनोदाला ठेका हवा, रडण्याला आलाप हवा, कारण मागच्या रांगेतल्याला चेहरा दिसत नाही. त्याला सुरावरूनच कळतं काय चाललंय. तिथे गिटारची पोकळी ठेवली तर ती जनरेटर भरून काढेल.

तरीही दोन गोष्टी घेता येतील. पहिली, नटाचं वाक्य संपल्याबरोबर ऑक्टोपॅडचा तो 'ढिंश्याव' मारायची सवय. हशा पिकायच्या आतच मारला जातो, म्हणून प्रेक्षक हसायचं सोडून आवाज ऐकतात. दोन श्वास थांबा. हशा चढू द्या, उतरायला लागला की मग हवा तर ठेका. दुसरी, अख्ख्या प्रयोगात एकच प्रवेश बिनसंगीताचा ठेवायचा, पण तो पहिल्या तासातला. रात्री दोननंतर ठेवला तर लोक पेंगतात आणि शांततेचा अर्थ लागत नाही. तो प्रवेश मंचाच्या पुढच्या भागात, नट माइकच्या जवळ, आवाज नेहमीपेक्षा खाली. इतर वेळी संगीत भरपूर असल्यामुळेच ही एक जागा उठून दिसते. मालिकेने शिट्टीच्या प्रसंगात केलं ते याच हिशेबाने, फक्त दुसऱ्या टोकाने.

दंडार आणि खडी गंमत या आमच्या लोकनाट्यांत हे पूर्वीपासून आहे. शाहीर बोलायला लागला की ढोलकी गप्प, तुणतुणं तेवढं चालू. कर्ण्याच्या आवाजात आपण ते विसरत चाललो, याचं फार वाईट वाटतं.

रानआवाज

मंचाचं झाडीची_दंडार यांनी सांगितलं, पडद्याचं मी सांगतो. गावाकडे आता मोबाइलवर आणि लहान कॅमेऱ्यावर चांगले लघुपट होताहेत. चित्र सुरेख असतं, आवाजात मार खातात. आणि ही मालिका तर निम्मी आवाजावर चालते.

त्यांच्या शेतातले पक्षी, झाडांची सळसळ, लांबची वाहतूक, हे सगळं प्रसंगाखाली सतत आहे, म्हणून संगीत नसलं तरी रितं वाटत नाही. आपल्याकडे नेमकी ही तळाची चादर नसते. संवाद कापून जोडले की मधल्या जागेत आवाज एकदम मरतो, ते झाकायला मग पहिल्यापासून शेवटपर्यंत बासरी लावतात. उपाय सोपा आहे. जिथे चित्रण झालं तिथेच, त्याच माइकवर, सगळ्यांना गप्प उभं करून दीड-दोन मिनिटं नुसता परिसर ध्वनिमुद्रित करा. प्रत्येक जागेचा वेगळा, सकाळचा वेगळा, दुपारचा वेगळा. संपादनात तो अख्ख्या प्रसंगाखाली अंथरा. जोड दिसणार नाहीत.

४८ किलोहर्ट्झ, २४ बिट ठेवा, संवादाचा सर्वांत मोठा ठोका उणे १२ डेसिबलच्या आसपास. मोबाइलचं 'ऑटो' बंद करा. ऑटो असलं की पात्र गप्प झाल्याबरोबर मोबाइल आवाज वर ओढतो आणि शांततेच्या जागी फुसफुस येते. वाऱ्यासाठी माइकला केसाळ टोपी हवीच, नुसता स्पंज एप्रिलच्या झळांत पुरत नाही. टोपी नसेल तर माइक कपड्याच्या आत, छातीच्या हाडावर, कॉलर-बटण घासणार नाही असा.

शेतात मोटारपंप चालू असेल तर ५० हर्ट्झची गुणगुण आणि तिच्या पटीत १००, १५० वर तिची पिल्लं येतात. ८० च्या खालचं छाटून काम भागत नाही, कारण १०० आणि १५० संवादातच बसलेले असतात आणि ते काढताना पुरुषाचा आवाज पातळ होतो. त्यापेक्षा कृषिपंपाच्या विजेचं वेळापत्रक आधी विचारून घ्या आणि लाइन नसेल तेव्हा चित्रण करा. दिवसपाळी-रातपाळी आठवड्याला बदलते, ते धरून तारखा ठरवा. पहाट उत्तम. चंडोल उडत गातो, होले घुमतात, टिटवी असतेच. मात्र हंगाम सांभाळा. पावशा मे-जूनमध्ये 'पेरते व्हा' करतो. तो आवाज कापूस वेचणीच्या प्रसंगाखाली लावला तर शेतकरी प्रेक्षक त्याच क्षणी तुमच्यावरचा विश्वास काढून घेतो.

संगीत किती? संवादाखाली असेल तर संवादापेक्षा १५ ते २० डेसिबल खाली. शक्यतो संवादाखाली नकोच. शेवटच्या शब्दानंतर दोन-तीन सेकंद परिसर, मग संगीत, आणि पुढच्या प्रसंगात चार-पाच सेकंद सांडू द्यायचं. वाद्य म्हणाल तर गिटार वाजवणारा नसेल तरी एकतारी, तुणतुणं आहे. तेही छेडल्यावर विरतं. बासरी घ्यायची तर लांब, खर्जाची घ्या, माइक फुंकीच्या छिद्रासमोर न धरता हातभर वर आणि जरा बाजूला धरा, नाही तर सुरापेक्षा फुंकच जास्त येते. खंजेरी टाळा. राष्ट्रसंतांच्या भजनांमुळे आपल्या कानाला खंजेरी म्हणजे जाग, उत्साह. उदास प्रसंगात तिचा अर्थ उलटा लागतो.

सूरपेटी

रानआवाज, सांडू द्यायचं म्हणालात ते अगदी पटलं. मालिकेत पुढच्या प्रसंगाच्या डोक्यावर आधीच्या गिटारचा शेवटचा सूर असतो, त्यामुळे दुःखाचा प्रसंग जिथे कापला तिथे संपत नाही. एकतारीबद्दल एक भर: ती षड्जात लावून पूर्ण वेळ चालू ठेवू नका, तिचा पुन्हा तंबोरा होतो. एक छेड, आठ-दहा सेकंद काही नाही, मग दुसरी.

तिसऱ्या पर्वाबद्दल मात्र माझं मत जरा कडक आहे. शेतावर सौरऊर्जेचा प्रकल्प येणार म्हणून घाई, हा धागा चांगला. पण शेवटाकडे सगळ्यांच्या सगळ्या गाठी सुटतात आणि दुसऱ्या पर्वातला तो कच्चेपणा जातो.

काळी_पांढरी

यावर मी असहमत आहे. गाठी सुटतात, पण सोनं कुठून येतं ते बघा. यंत्राने नाही, खणून नाही, वर पाहिल्यावर. तीन पर्वं माणसं खाली मान घालून चालली, त्याचं उत्तर झाडावर. ते गोड करून टाकलेलं नाही, पहिल्या भागापासून पेरलेलं आहे. त्यात शीर्षकगीताचा अर्थ तिसऱ्यांदा बदलतो.

पारावरचा

सोलरचं तं आपल्या इकडे बी सुरूच हाय, थे पर्व आबाले बरोबर समजन. पण त्यायले इंग्रजी येत नाही. मराठी अक्षरं खाली येत नसन तं कसं दाखवू? आन् पयले कोणतं दाखवू?

रानआवाज

इंग्रजी अक्षरं चालू ठेवून तुम्हीच सांगत जा, पण प्रत्येक वाक्य सांगू नका. झाडाखालच्या गप्पा सुरू झाल्या की "कालच्या टीव्हीवरच्या प्रश्नांचं बोलून रायले" एवढंच सांगा, बाकी चेहऱ्यांवरून कळतं. बेकी आणि अँडीचे प्रसंग मात्र थांबवून सांगावे लागतील, तिथे शब्दांत अडतं. क्रम सोडू नका: पहिलं पर्व, दुसरं पर्व, २०१५ चा विशेष, तिसरं पर्व, मग २०२२ चा. विशेष भाग दुसऱ्या पर्वाच्या आधी लागला तर लान्सला काय सापडलं ते फुटतं. काही ठिकाणी यादीत तो सगळ्यात शेवटी टाकलेला असतो, तेवढं तपासून लावा. एका वेळी दोन भाग पुरे, आणि श्रेयनामावली सुरू झाली की रिमोटला हात लावू नका, गाण्याचा जेवढा तुकडा वाजतो तेवढा पूर्ण होऊ द्या.